फोटोतल्या माणसाला नाव असतं

पालकहो,

पालकसभा आटोपली, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, की कुणीतरी हमखास मागे रेंगाळतं आणि विचारतं, "बाई, हल्ली फोनवर काय काय येतं. मारहाणीचे व्हिडिओ, युद्धातली रक्तबंबाळ पोरं, पुरात बुडालेली घरं. मुलांना हे बघू द्यावं का?" या प्रश्नामागची काळजी मला कळते. आपल्या लेकराला रात्री शांत झोप लागावी, जगाचा धसका त्याने इतक्या लवकर घेऊ नये, असं कोणत्या आईबापाला वाटत नाही? पण बघू द्यावं की देऊ नये, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. घरातला फोन कपाटात ठेवला, तरी क्लासबाहेर मित्राचा फोन आहे, व्हॅनमधल्या ताईचा आहे. मुलं बघणारच. बघताना त्यांच्या शेजारी कोण आहे आणि ते माणूस काय बोलतंय, याला फार महत्त्व आहे. त्याविषयीच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

मी इतिहास शिकवते. गिरण्या-कारखान्यांचा विषय निघाला, की वर्गात एक फोटो दाखवते. १९०८ सालचा आहे, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका सूतगिरणीतला. यंत्रावर चात्यांची लांबलचक रांग आणि त्या यंत्राशेजारी उभी एक चिमुरडी. फोटो पडद्यावर आला, की वर्गातून पहिला शब्द ठरलेला: "बिच्चारी!" मुलं मनापासून हळहळतात. मी काही बोलत नाही. थोड्या वेळाने फोटो काढणाऱ्याने त्याखाली काय लिहून ठेवलंय, ते मराठीत सांगते. मुलीची उंची ५१ इंच. गिरणीत लागून एक वर्ष झालं. कधीकधी रात्रपाळी. दिवसाची मजुरी ४८ सेंट. वय विचारलं तेव्हा ती आधी घुटमळली, आठवत नाही म्हणाली. आणि मग हळूच सांगितलं, की कामाला लागण्याइतकी मी मोठी नाही, पण करते. त्या गिरणीत पन्नास कामगार होते, त्यांतली दहा मुलं साधारण हिच्याच उंचीची.

वर्गाचा नूर लगेच बदलतो. कुणीतरी पट्टी घेऊन ५१ इंच मोजतं आणि म्हणतं, "बाई, ही तर आमच्या चौथीतल्या सोनूएवढी!" मग प्रश्न सुरू होतात. तिला खोटं बोलायला कुणी शिकवलं? रात्रपाळी लावणारा कोण? पोलीस काय करत होते? तिचे आईबाबा कुठे होते? गिरणीमालकाचा फोटो का नाही? हळहळ संपून चौकशी सुरू होते, तो क्षण मला शिक्षक म्हणून फार मोलाचा वाटतो. ही चौकशी कोरड्या फोटोने सुरू होत नाही, खालच्या चार ओळींनी होते, हेही तुम्ही ध्यानात घ्या.

ज्याने तो फोटो काढला, तो लुईस हाइन मुळात शाळामास्तर. बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या राष्ट्रीय समितीने त्याला १९०८ मध्ये फोटो काढण्यासाठी नेमलं. गिरण्यांचे आणि कोळसा खाणींचे दरवाजे त्याच्यासाठी कोण उघडणार? कधी बायबल विकणारा, कधी विम्याचा एजंट, कधी यंत्रांचे फोटो काढायला आलेला माणूस, अशा बहाण्यांनी तो आत शिरायचा. उघडपणे मोजमाप घेणं शक्य नव्हतं. म्हणून स्वतःच्या कोटाच्या बटणांची जमिनीपासूनची उंची त्याने ठरवून ठेवली होती. मूल जवळ उभं राहिलं, की कितव्या बटणापर्यंत येतं त्यावरून उंची कळायची. खिशातल्या खिशात वहीवर टिपणं काढायचा. मालक म्हणत, आमच्याकडे लहान मुलं नाहीतच, आहेत ती आनंदात आहेत. त्यावर हाइनकडे नाव, उंची, पगार, पाळी असा पुरावा तयार असे.

आणि तरीही मुलांना मी असं सांगत नाही, की फोटो छापून आले आणि बालमजुरी संपली. १९१६ मध्ये कायदा झाला. १९१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं, आणि तोही अशा काळात, जेव्हा मंदीमुळे मोठ्या माणसांनाच काम मिळत नव्हतं. हाइन १९४० मध्ये गेला, तो हलाखीत. तीस वर्षं माणसं लिहीत राहिली, सभा घेत राहिली, कोर्टात हरली आणि पुन्हा उभी राहिली. फोटो हा त्यातला एक भाग होता. हे मुलांना कळायला हवं, कारण आजची मुलं एखादा फोटो पुढे पाठवला, त्यावर रडका चेहरा टाकला, की आपण काहीतरी केलं असं समजतात. त्यांचा दोष नाही. आपल्यालाही तसंच वाटतं.

अन्यायाच्या फोटोत ज्याच्यावर अन्याय झाला तो दिसतो. ज्याने केला, तो बहुतेक वेळा दिसत नाही. सूतगिरणीत मुलगी दिसते, मालक दिसत नाही. भेगाळलेली जमीन दिसते, पण धरणाचं पाणी कुणाच्या शेतात गेलं ते दिसत नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी येते, तेव्हा नवऱ्याची तसबीर हातात धरलेली बायको दिसते. सावकाराची वही दिसत नाही, पडलेला कापसाचा भाव दिसत नाही. असे शंभर फोटो बघितले, की मुलाच्या मनात नकळत एक समजूत घर करते: काही माणसं गरीबच असतात, दुःखीच असतात, ती तशीच जन्माला येतात. ही समजूत कुणी शिकवलेली नसते, म्हणून ती काढून टाकणंही अवघड जातं. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे. चौकटीत जे नाही, त्याबद्दल विचारायची सवय मुलांना घरातून लागली पाहिजे.

दुसरा एक फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो. वाटाण्याचं पीक थंडीने गेलेलं आणि तोडणीला आलेले मजूर रिकाम्या हातांनी बसलेले. त्यातली एक बाई, बत्तीस वर्षांची. हात हनुवटीशी, कपाळावर आठ्या, नजर कुठेतरी लांब. दोन मुलं तिच्या खांद्यांना बिलगून पाठमोरी, मांडीवर तान्हं. डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी सरकारी कामावर असताना हा फोटो काढला. तो वर्तमानपत्रापर्यंत पोहोचला आणि मजुरांच्या त्या तळावर सुमारे नऊ टन अन्नधान्य पाठवण्यात आलं. फोटोची ताकद म्हणून ही गोष्ट नेहमी सांगतात. ती खरी आहे. पण धान्य पोहोचलं तोवर ते कुटुंब तिथून निघून गेलेलं होतं, हेही खरं.

लँगने त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. चाळीसएक वर्षं जगाने तो चेहरा पाहिला, पुस्तकांत छापला, त्याच्या असंख्य प्रती निघाल्या, आणि नाव कुणालाच माहीत नव्हतं. १९७८ मध्ये ते नाव उजेडात आलं: फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, आपल्याला त्यातून एक पैसा मिळाला नाही, असं तिने सांगितलं. लँगच्या टिपणात लिहिलं होतं, की पोटासाठी या लोकांनी गाडीचे टायर विकले. घरच्यांचं म्हणणं, असं काही झालंच नव्हतं. गाडी बंद पडली होती आणि ती दुरुस्त होण्याची वाट बघत ते थांबले होते. शिवाय थॉम्पसन मूळच्या चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासी समाजातल्या. बघणाऱ्यांनी मात्र त्यांना गोरी अमेरिकन आई मानलं, आणि त्यांच्याबद्दल देशाला इतका कळवळा येण्यात त्याचाही वाटा असावा, असं मला वाटतं.

यावरून लँग वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. त्या काळात त्यांनी ज्या माणसांकडे कॅमेरा वळवला, त्यांच्याकडे बघायलाही कुणी तयार नव्हतं. १९८३ मध्ये थॉम्पसन आजारी पडल्या, मुलांनी मदतीची हाक दिली, तेव्हा अनोळखी लोकांनी तीस हजारांहून जास्त डॉलर आणि पत्रांचे गठ्ठे पाठवले. ती पत्रं वाचून, ज्या फोटोची आजवर लाज वाटायची त्याचा अभिमान वाटू लागल्याचं त्यांच्या मुलांनी सांगितलं. एका फोटोत एवढं सगळं असतं. आठवी-नववीतल्या मुलाला हे समजतं, आणि समजलं की तो पुढच्या फोटोकडे घाईने बघत नाही.

आता आपल्या घरी या. ८ मे २०२० ची, टाळेबंदीतली पहाट. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ, मालगाडीखाली सोळा मजूर चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत काम करणारी ही माणसं मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघाली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तो फोटो पाहिला: रूळ, खडी आणि खडीवर विखुरलेल्या चपात्या. आपल्या घरातल्या डब्यात असतात तशाच. तेव्हा कित्येक घरांत मुलांनी एकच प्रश्न विचारला, आणि शाळा ऑनलाइन सुरू झाल्यावर मलाही विचारला: "पण ते रुळांवर का झोपले?"

मुलाचा प्रश्न अगदी सरळ होता. कुणी उत्तर दिलं, "अडाणी असतात ही माणसं." चार शब्दांत विषय संपला, आणि सोळा माणसांचा मृत्यू त्यांच्याच माथी गेला. दुसऱ्या घरात आईने मुलाला नकाशा काढून दाखवला. हे जालना, हे भुसावळ. मार्चपासून एसटी बंद, रेल्वे बंद, कारखाना बंद, त्यामुळे पगार बंद. रस्त्याने गेलं तर पोलीस अडवतील. भुसावळला गावाकडची गाडी मिळेल अशी आशा होती, म्हणून रुळांच्या कडेने रात्रभर चालले. गाड्या बंद आहेत असं वाटून जरा टेकले आणि डोळा लागला. मालगाड्या मात्र चालू होत्या. फोटो एकच, पण पहिल्या घरातला मुलगा गरीब माणसाविषयी एक गोष्ट शिकला आणि दुसऱ्या घरातला अगदी निराळी. हे शिक्षण शाळेत मिळालं नाही, जेवणाच्या ताटावर मिळालं.

आता थोडं अवघड बोलते. चित्रं आणि व्हिडिओ अन्याय दाखवतात तसाच तो घडवतातही, आणि त्यात आपण पालक सर्वांत पुढे असतो, कारण आपल्याला मुलांची काळजी असते. २०१८ मध्ये मुलं पळवणारी टोळी आल्याचे व्हिडिओ देशभर फिरत होते. त्यांतला एक फार पाहिला गेला. गल्लीत मुलं खेळतायत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. मूळ व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. तिच्यात शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी हा शेवट कापला. उरलं ते अपहरण.

१ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. हीच ती टोळी, अशी हाकाटी झाली. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन जमावाने त्यांना ठेचून मारलं. त्याचेही व्हिडिओ निघाले. मारणाऱ्यांनी डोळ्यांसमोर जे पाहिलं, त्यात नुसतं त्या दिवसाचं दृश्य नव्हतं. फोनवर आलेल्या चित्रांनी डोळे आधीच तयार करून ठेवले होते. आणि त्याहीआधी पिढ्यान्‌पिढ्या आपण पोरांना सांगत आलो, "गप्प बस, नाहीतर झोळीवाला घेऊन जाईल." इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का कागदावरून पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. आपल्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही. त्या दिवसांत वर्गांच्या पालकगटांवर हेच व्हिडिओ "कृपया सर्वांना पाठवा" म्हणून फिरत होते. पाठवणाऱ्या आईच्या मनात माया होती, याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच कळकळीने सांगते: मुलांच्या नावाने भीती घालणारा व्हिडिओ आला, की तो कुठला, कधीचा, अर्धवट तर नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका. त्यातलं एखादं दृश्य गूगल लेन्सवर टाकून शोधायला मुलंच तुम्हाला शिकवतील. शिकून घ्या त्यांच्याकडून.

वाढदिवसाचंही बोलायला हवं. मुलाचा वाढदिवस बालगृहात साजरा करायची चांगली पद्धत हल्ली रुजली आहे. केक नेतात, जेवण देतात, आणि मग सगळ्या मुलांना मागे उभं करून मधे आपलं मूल, असा फोटो निघतो. संध्याकाळी तो स्टेटसवर दिसतो. बालगृहात वाढलेली एक मुलगी आमच्या शाळेत होती. दहावी झाल्यावर भेटायला आली तेव्हा सहज म्हणाली, "बाई, आमचे फोटो कितीतरी लोकांकडे असतील. माझ्याकडे माझा लहानपणीचा एकही नाही." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र काय बोलावं ते सुचेना.

त्या फोटोत तुमचं मूल काय शिकतं, हे बघा. ते मधे उभं आहे, देणारं आहे. बाकीची टाळ्या वाजवायला आहेत, आणि त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख पटेल असा फोटो माध्यमांत प्रसिद्ध करायला मनाई आहे, हेही लक्षात असू द्या. वाढदिवस जरूर तिथे करा. फोन गाडीत ठेवा. तुमच्या मुलाला तिथल्या चार मुलांची नावं आणि त्यांचे आवडते खेळ माहीत करून घेऊ द्या. वह्यावाटपाच्या फोटोंचंही तसंच. वही देणाऱ्या पाहुण्याचा हात वहीवरून सुटत नाही आणि मूल कॅमेऱ्याकडे बघत ताटकळतं, असे फोटो स्थानिक अंकांत दर जूनमध्ये दिसतात. आपल्या मुलाला त्या दुसऱ्या टोकाला उभं केलेलं आपल्याला चालेल का, एवढा एक विचार फोटो काढण्याआधी पुरे.

मुलांच्या हातात कॅमेरा आहेच, तर तो चांगल्या कामी लावा. आठवीच्या वर्गाला मी दिवाळीच्या सुट्टीत एक काम देते. आपल्या सोसायटीत, वाडीत, बाजारात काम करणाऱ्या एका माणसाला विचारून त्याचा एक फोटो काढायचा. नको म्हणाला तर काढायचा नाही. खाली लिहायचं: नाव, काम, कामाची वेळ, मजुरी किती हे सांगायला तयार असेल तर तीही, आणि त्याला स्वतःला काय सांगायचंय ते. फोटोची एक प्रत छापून त्याला नेऊन द्यायची. एका मुलाने रोज सकाळी कचरा नेणाऱ्या मावशींचा फोटो आणला. त्या घरात येत होत्या तेव्हापासून तो त्यांना ‘कचरेवाली’ म्हणत होता. खाली त्याने लिहिलं होतं, की हातमोजे वर्षातून एकदाच मिळतात आणि महिन्यात फाटतात, आणि ओला कचरा वेगळा ठेवला तर हात कापले जात नाहीत. त्या आठवड्यापासून त्या घरात दोन डबे आले. ते मुलाने आणायला लावले.

दिशा दाखवणारं काम आपल्याकडे पुष्कळ झालं आहे. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. पत्रकार पी. साईनाथ यांचं खेड्यातल्या कष्टकरी बायकांवरचं फोटोप्रदर्शन आहे, आणि २०१४ मध्ये त्यांनी सुरू केलेलं ‘पारी’ हे ग्रामीण भारताचं संकेतस्थळ तर मराठीतही वाचता येतं. तिथे फोटोतल्या माणसाचं नाव असतं, गावाचं नाव असतं आणि कहाणी मोठी असते. रविवारी अर्धा तास मुलाबरोबर बसून एक कहाणी वाचा. मोठ्या मुलांसोबत नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा सिनेमा बघा. शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचं, सावित्रीबाईंचं चित्र आहे आणि त्याच भिंतीपुढून सिनेमातला मुलगा, जब्या, डुक्कर खांद्यावर टांगून नेतोय. त्या जागी सिनेमा थांबवा आणि विचारा, तुला काय दिसतंय? आणि शेवटी जब्याने फेकलेला दगड थेट आपल्याकडे येतो तेव्हा काही समजावू नका. मुलाला बोलू द्या. गप्प बसला, तर गप्प बसू द्या.

वयाचं विचाराल, तर माझा अनुभव सांगते. सात-आठ वर्षांखालच्या मुलांसमोर बातम्यांचा टीव्ही चालू ठेवू नका. तीच इमारत दिवसभर कोसळताना दाखवतात. लहान मुलाला वाटतं, ती रोज नवी कोसळतेय. चुकून पाहिलं, तर आधी विचारा त्याला काय कळलंय. आपल्याला वाटतं त्यापेक्षा ते वेगळंच असतं. नऊ-दहानंतर फोटो दाखवायला हरकत नाही, मृतदेह आणि मारहाण मात्र नको. मारहाणीचा व्हिडिओ तर तेरा-चौदाच्या मुलालाही दाखवायची गरज नसते; घटना शब्दांत सांगितली तरी पुरते, आणि ज्याला मारलं त्याचा अपमान आणखी एकदा होत नाही. मुलाने स्वतःच पाहून येऊन सांगितलं, तर रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. आणि एखादा फोटो दाखवावा की नाही अशी शंका आली, तर आधी तो तुम्ही एकटे नीट बघा, खालची ओळ वाचा, माहिती शोधा, मग मुलाला शेजारी बोलवा.